नोव्हेंबरची गाडी

जुनं मोटारघर बघायला गेली, की लुएला ग्रेबर पायरीवरच बूट काढायची. विकणाऱ्याला वाटायचं, काय रीतीची बाई आहे. मिडलबरीच्या एका गृहस्थांनी तर बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून ते दृश्य दाखवलं होतं. "बघ, याला म्हणतात वळण." मग ही वळणदार बाई डोळे मिटून, नुसत्या मोज्यांवर, दारापासून मागच्या पलंगापर्यंत पाऊल पाऊल चालत जायची. मध्येच थांबायची. टाच दोनदा दाबायची आणि डोळे न उघडताच म्हणायची, "इथे पाणी मुरलंय. सिंकखालची नळी. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

गृहस्थांचा चेहरा उतरायचा. कारण ती नळी त्यांनी सहा वर्षांपूर्वीच बदललेली असायची, आणि वर नवा गालिचा अंथरून ते सगळं विसरूनही गेलेले असायचे.

मी हे दारात उभा राहून बघत असे, कारण आम्हाला तिथवर आणणारी गाडी माझी. आमिश मंडळींना इकडून तिकडे नेण्याचा माझा चाळीस वर्षांचा धंदा आहे. आमिश म्हणजे जुन्या चालीने राहणारा ख्रिस्ती पंथ; त्यातल्या माणसाने मोटार बाळगायची नाही, चालवायची नाही. दुसऱ्याच्या मोटारीत बसायला मात्र धर्माची हरकत नाही. त्या 'मात्र'वर माझा संसार झाला. माझ्या गाडीच्या मधल्या सीटवर मांडीत टोपी घेऊन बसलेला असायचा ओरी बॉनट्रेगर. हा ओरी आमिश. घरात वीज नाही, दारात घोडागाडी. पण मोटारघरांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्याने कपाटं केली, टीव्ही ठेवायचे कोनाडे केले, आणि रोज दुपारी कंदिलाच्या घरी परत गेला. लुएला त्याच्याच शेजारच्या टेबलावर एकोणतीस वर्षं काम करत होती. ती आमिश नव्हे. ती आमच्यासारखीच, दाराशी मोटार आणि डोक्याशी काळज्या असलेली.

आमच्या गोशेनच्या बाजूला शेतात मका पिकतो आणि शेडमध्ये मोटारघरं. अमेरिकेत कुठेही कुणी म्हातारा-म्हातारी ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर घेऊन समुद्रकाठी कॉफी पीत बसलेली दिसली, तर ती बसलीत त्या बाकाची फळी आमच्याकडच्या कुणीतरी कापलेली असते. लुएलाने असे हजारो बाक जगाच्या पाठीवर पाठवले आणि स्वतः गेली ती फार तर ओहायोपर्यंत, तीही मावशीच्या दफनाला. नवरा गेल्यावर चार वर्षं ती मोठ्या घराचं बर्फ एकटी उपसत राहिली. पाचव्या हिवाळ्यात तिने फावडं भिंतीला टेकवलं आणि घर पुतण्याला विकून टाकलं. एक मे रोजी किल्ली द्यायची. तोवर एक जुनं मोटारघर शोधायचं, ओरीकडून नीट करून घ्यायचं आणि कायमचं त्यातच राहायचं.

"जुनंच का?" मी विचारलं होतं.

"नवं कसं बनतं ते मी बघितलंय," ती म्हणाली.

आणि मोटारघर मिळालं नाही तर? तर तिच्या थोरल्या बहिणीचं, आर्लीनचं तळघर होतं. आर्लीनने तिथे नवा गालिचा घातला, दिवा आणला, पलंगावर स्वतः शिवलेली गोधडी पसरली आणि स्वयंपाकघरात एक कागद लावला: सोमवारी कपडे, मंगळवारी लुएलाचा स्वयंपाक, बुधवारी चर्चचं शिवण, गुरुवारी लुएलाचे गुडघे. गुरुवारी लुएलाच्या गुडघ्यांचं काय करायचं हे त्यात लिहिलं नव्हतं, आणि विचारायचं धाडस कुणाला नव्हतं. माणूस प्रेमळ. पण आर्लीनचं प्रेम म्हणजे इस्त्रीसारखं. ऊब असते, सुरकुती राहू देत नाही.

"त्या खोलीला खिडकीसुद्धा आहे," आर्लीन मला ऐकवायची, म्हणजे मी लुएलाला ऐकवावं. "वीस वर्षं जुन्या डब्यात राहण्यापेक्षा वाईट आहे का?"

लुएला गाडीत बसल्यावर म्हणाली, "एकदा मी त्या जिन्याने खाली गेले ना लोवेल, की वर येईन ती थेट सहा जणांच्या खांद्यावरून."

म्हणून फेब्रुवारीपासून आम्ही तिघं हिंडत होतो. आणि अडचण एकच होती. लुएलाला फार माहिती होती.

बूट काढून चालणं ही नुसती सुरुवात. मग अंगठा. भिंतीचे चारी कोपरे ती अंगठ्याने दाबून बघायची. जिथे अंगठा आत जाईल तिथे लाकूड कुजलेलं. मग नाक. कपाट उघडून आत डोकं घालायची आणि वास घ्यायची. मग बाहेर येऊन, गाल भिंतीला टेकवून, उन्हाच्या तिरीपेत पत्रा कुठे फुगलाय का ते बघायची. विकणाऱ्यांच्या शेजाऱ्यांना वाटायचं, बाई गाडीला मिठी मारतेय. आणि शेवटी ड्रॉवर. प्रत्येक ड्रॉवर काढून उलटा करायची, कारण आमच्याकडच्या कारागिरांना ड्रॉवरच्या तळाला पेन्सिलीने काहीतरी लिहायची सवय. कारखान्याची मनाई होती, म्हणून सगळेच लिहायचे. कुणी नाव, कुणी गाईचं चित्र. लुएला तारीख, हवा आणि डब्यात काय होतं ते लिहायची.

"हा ग्लेनचा. ग्लेन डावखुरा होता, सगळे स्क्रू तिरके," ती एखाद्या ड्रॉवरकडे बघून म्हणायची. ड्रॉवर परत, बूट पायात, चला.

एकदा उलटा केलेला ड्रॉवर तिचाच निघाला. आम्हाला वाटलं, मिळालं. तिने खालची तारीख वाचली. "शुक्रवार. माझाच आहे. नको."

"अगं, तुझं काम वाईट आहे का?" ओरी म्हणाला.

"शुक्रवारचं माझं काम मला ठाऊक आहे. तुझं पण ठाऊक आहे."

याचं कारण आमच्याकडच्या कारखान्यांतली पगाराची रीत. पगार तासावर नव्हे, गाड्यांवर. दिवसाच्या आठ गाड्या दाराबाहेर काढल्या की सुटी. मग दुपारचे बारा वाजलेले असोत की चार. त्यामुळे पहाटे पाचला भोंगा झाला की साठ माणसं जी धावत सुटायची ती शेवटच्या गाडीपर्यंत. चार स्क्रूंच्या जागी दोन, दोनांच्या जागी हवेच्या बंदुकीने एक पिन. शुक्रवारी तर पिनसुद्धा नशिबात असेल तर. आणि सोमवारी हातांतून रविवारची सुस्ती उतरलेली नसायची. पगार चांगला मिळायचा. गाडी कशी मिळायची, ते गाडी घेणारा बघून घेईल.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे नोव्हेंबर.

पंधरा नोव्हेंबरला वर मिशिगनमध्ये बंदुकीने हरण मारायचा हंगाम सुरू होतो. वार कुठलाही असो, तारीख पंधरा. त्या आठवड्यात आमच्याकडच्या पुरुषांच्या आज्या मरतात, पाठी धरतात, विहिरी आटतात. कारखान्यात उरतात त्या बायका, दोन-चार म्हातारे आणि ज्याला साहेबाने मागच्या वर्षी जंगलात रंगेहाथ पकडलं होतं तो. म्हणून आमच्या तालुक्यात लहान पोरालाही माहीत असतं की नोव्हेंबरची गाडी घ्यायची नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पाटी असते, तिच्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष. लुएला गाडीजवळ गेली की आधी ती पाटी. अकरा आकडा दिसला की बूटसुद्धा काढायची नाही.

अशा एकोणीस गाड्या झाल्या. एक चांगली होती, पण तिचं छप्पर मालकाने स्वतः दुरुस्त केलं होतं. "स्वतः" हा शब्द लुएलाने त्याच्यासमोर दोनदा उच्चारला, तसा तो बिचारा खाली बघू लागला. एक ओरीला फार आवडली होती. लुएलाने तिच्या न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "सोमवारची आहे. दाराच्या आवाजावरून कळतं."

परत येताना ओरीने टोपी मांडीवर गोल फिरवली. "लुएला, तू गाडी शोधत्येस का गुन्हेगार?"

"दोन्ही एकाच जागी असतात."

"मी एक सांगू? जगात बुधवारी बनलेल्या किती गाड्या असतील?"

"एक तरी असेल."

"आणि ती विकायला कशाला काढेल कुणी?"

लुएला खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर नांगरलेली शेतं मागे पळत होती. मग तिने मला विचारलं, "लोवेल, आर्लीनच्या तळघराला खिडकी कुठल्या बाजूला आहे रे?"

मी म्हणालो, "गाड्या उभ्या करतो त्या बाजूला. चाकं दिसतात."

तिने मान हलवली. मला माझ्या तोंडाचा राग आला.

एप्रिलच्या तेवीस तारखेला आम्ही विसावी गाडी बघायला नॅपनीच्या पलीकडे गेलो. मालक फ्लॉइड स्टट्समन, शहाऐंशी वर्षांचे शेतकरी, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. गाडी त्यांच्या कोठारात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी. पंचवीस वर्षांत ऊन आणि बर्फ तिने प्रवासातच काय पाहिलं असेल तेवढं. लुएलाच्या चेहऱ्यावर मला फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा काहीतरी दिसलं. ती चालकाच्या दाराशी गेली, चष्मा नाकावर सरकवला आणि पाटी वाचली.

अकरा. अठ्ठ्याण्णव.

ती वळली, फ्लॉइडना म्हणाली, "तुमचा वेळ घेतला, माफ करा," आणि माझ्या गाडीकडे चालू लागली.

"तुम्ही चौथ्या," फ्लॉइड म्हणाले. आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

"चौथ्या कसल्या?"

"पाटी वाचून परत निघालेल्या. दोन वर्षं झाली विकायला काढून. येतात ते सगळे तुमच्यासारखेच, कारखान्यातले. एकाने तर स्वतःच्या गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. मी घेतली तेव्हा मला कुठे ठाऊक की नोव्हेंबर वाईट. मका कापून झाला होता, हातात पैसे होते, आणि विकणारा म्हणाला, ही जरा स्वस्त देतो." मग म्हणाले, "इतक्या लांब आलात तर कॉफी घेऊन जा. दालचिनीचे रोल आहेत. पण घरात नको, मुलीने टेबलभर सामान मांडून ठेवलंय. मी कॉफी रोज हिच्यातच पितो."

म्हाताऱ्या माणसाने बोलावलेली कॉफी नाकारायची आमच्याकडे रीत नाही. लुएला मागे वळली. पायरीवर तिने सवयीने बूट काढले, आणि बूट काढले म्हणून सवयीने डोळे मिटले.

ती मागच्या पलंगापर्यंत गेली. थांबली नाही. परत दारापर्यंत आली. फ्लॉइडनी थर्मासमधून चार पेले भरले. ती पुन्हा मागे गेली. तिसऱ्या फेरीला फ्लॉइड मला हळूच म्हणाले, "बाईंना न्हाणीघर हवंय का? उजवीकडे आहे."

"नाही," मी म्हणालो. "ती जमीन ऐकतेय."

मग अंगठा. एक कोपरा, दुसरा, तिसरा. ओरीने रोल खाली ठेवला. चालकाच्या डोक्यावर जो पलंग असतो, तिथे चढून तिने डावा कोपरा दाबला आणि तिथे जरा रेंगाळली. "इथे थोडं दबतंय," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी असं म्हणताना तिच्या आवाजात पकडल्याचं समाधान असे. आज जरा काळजी होती.

ती खाली उतरली आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा वरचा ड्रॉवर ओढून काढला.

"ओरी, स्क्रू मोज."

ओरीने मोजले. "आठ."

"आपण किती मारायचो?"

"चार सांगितलेले. दोन मारायचो." ओरीने ड्रॉवर हातात घेऊन हलवला. तो हलेना. त्याने कपाटाच्या आत हात घातला आणि कोपऱ्यात चाचपत राहिला. "इथे आतून लाकडी पट्ट्या आहेत. चारी कोपऱ्यांना. या कुणी बसवल्या? अशा पट्ट्या नकाशात नव्हत्याच."

लुएलाने ड्रॉवर उलटा केला. तळाला पेन्सिल. पंचवीस वर्षांत उन्हाचा स्पर्श नव्हता, त्यामुळे काल लिहिल्यासारखी.

*१६ नोव्हें. साठातले सतरा आले. लाईन बंद. सगळे मिळून एकच गाडी. ढग. अंड्याचं सँडविच.*

तिने दुसरा काढला.

*१७ नोव्हें. अजून तीच गाडी. पगार तासावर, मेला. थंडी. अंड्याचं सँडविच.*

तिसरा ओरीने काढला आणि वाचला. "*१८ नोव्हें. तीच. कोपऱ्यांना आतून पट्ट्या बसवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. वेळ जात नव्हता. टोमॅटोचं सूप.*"

फ्लॉइड मजेत कॉफी पीत होते. आपल्या ड्रॉवरांखाली कुणाचं तरी जेवण लिहिलेलं आहे याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

लुएला समोरच्या बाकावर बसली. "मला तो आठवडा चांगला आठवतो," ती म्हणाली. "त्या आठवड्याचा पगार निम्मा आला होता. सतरा माणसांत आठ गाड्या कुठून निघणार? म्हणून साहेबाने तासावर लावलं आणि सांगितलं, ही एकच करा, सावकाश करा, सोमवारी बाकीचे आले की बघू. मी घरी जाऊन तीन दिवस नोव्हेंबरला शिव्या घातल्या. धावायचंच नव्हतं कशासाठी. स्क्रू मारून झाले तरी दुपार संपेना, मग अजून मारले." तिने ओट्यावर हात ठेवला. "आणि बाकीचे आले ते हरणाचं मांस घेऊन आणि म्हणाले, आम्ही नसताना जे काय केलं असेल ते देवच जाणे. आणि मी हो म्हणाले. पंचवीस वर्षं हो म्हणतेय."

"आम्ही नव्हतो म्हटल्यावर वाटणारच ना तसं," ओरी म्हणाला.

"तुम्ही नव्हतात म्हणूनच अशी झाली," लुएला म्हणाली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "पण तू त्या 'आम्ही'त कसा? तू तर त्या आठवड्यात शिकारीला गेला नव्हतास. तुझा दात दुखत होता."

ओरीने टोपी डोक्यावर घातली. आत छपराखाली तो टोपी कधी घालत नाही.

"ओरी."

"दुखत होता की."

"कुठला?"

पंचवीस वर्षांनी दात सांगणं कठीण. ओरीने माझ्याकडे बघितलं. आणि मी कॉफीकडे, कारण त्या पंधरा तारखेला पहाटे चार वाजता पाच आमिश, पाच बंदुका आणि एक दुखरा दात मिशिगनला नेणारी गाडी माझीच होती.

"अस्सं," लुएला म्हणाली. "दोघंही."

"शिंगांना आठ फाटे होते हरणाच्या," ओरी हलक्या आवाजात म्हणाला. पश्चात्तापाच्या वेळीही माणसाने अचूक बोलावं, हे त्याला मान्य आहे.

लुएला हसली नाही. ती बाकावर बसून राहिली आणि मला कळलं, की अजून काही ठरलेलं नाही. एकोणीस गाड्यांना नाही म्हणणं तिला जमलं होतं, कारण तेव्हा तिचं शहाणपण तिच्या बाजूला होतं. या गाडीला हो म्हणायचं तर तेच शहाणपण दाराबाहेर बुटांशेजारी ठेवावं लागणार होतं. पुतण्याला, शेजाऱ्यांना, चर्चमध्ये भेटेल त्याला तिने एकच सल्ला दिला होता. आणि तो सल्ला ऐकून चार माणसं या कोठारातून परत निघाली होती, त्यांतली एक ती स्वतः. शिवाय वर डावा कोपरा दबत होता.

"ओरी, कोपरा बघ," ती म्हणाली.

ओरी चढला, दाबलं, खिशातल्या सुरीच्या टोकाने जरा खरवडलं. "वरचा लेप वाळून फुटलाय. वीतभर लाकूड बदलायला लागेल. दोन दिवस."

"आम्ही तिथे पट्टी बसवली नव्हती," लुएला म्हणाली. "तिथे हात पोचत नव्हता आणि बुधवारचे पाच वाजले होते. मला आठवतंय." ती स्वतःशीच मान हलवत राहिली. "बाकीच्या एकोणीस गाड्यांत चूक कुठे असेल ते मी शोधत होते. हिच्यात कुठे आहे ते मला ठाऊक आहे. का आहे तेही."

मग ती फ्लॉइडकडे वळली. "तुमची गाडी दोन वर्षं इथे अडकलीये ती माझ्यासारख्यांमुळे."

"बरं झालं," फ्लॉइड म्हणाले. "मी कॉफी कुठे प्यायलो असतो? मुलगी म्हणते विका, मीही म्हणतो विका. पण ते तिघे परत गेले ना, दर वेळी मी एक रोल जास्त खाल्ला."

लुएलाने त्यांच्याकडे नीट बघितलं. समोर-समोरचे दोन बाक आणि मधलं टेबल; फ्लॉइडच्या बाजूच्या बाकाला बसून बसून खळगा पडला होता, आणि समोरच्या बाकालाही, थोडा लहान.

"घेते मी," ती म्हणाली. "पण मला दोन बाकांची गरज नाही. ओरी हे टेबल आणि बाक सोडवून इथेच, कोठारात याच जागी लावून देईल. चालेल?"

फ्लॉइडनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ खिशात रुमाल शोधला. रुमाल टेबलावरच होता.

एक मेला पुतण्याला किल्ली मिळाली. लुएला आर्लीनकडे राहायला गेली. तळघरात नव्हे, दारातल्या गाडी उभी करायच्या जागेत. ओरी रोज सकाळी सायकलवरून यायचा. लुएलाने अट घातली होती: पैसे तासावर, कामावर नाही. ओरीला ती अट फारच मानवली. डावा कोपरा दोन दिवसांत होणार होता, त्याला नऊ लागले. मग जुना गालिचा निघाला, छपराच्या सगळ्या सांध्यांना नवा लेप बसला, टायर बदलले, टीव्हीच्या कोनाड्यात शिवणाचं कपाट झालं. बाकांच्या जागी भिंतीला मिटणारं टेबल आणि एक खुर्ची आली. पडदे मात्र फ्लॉइडच्या बायकोने शिवलेले होते, ते तसेच राहिले. एकदा नवा पलंग बसवून झाल्यावर ओरी म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं पलंग बसवले, आडवा कधी झालो नाही," आणि बूट बाहेर लोंबते ठेवून आडवा झाला. चाळीस मिनिटांनी उठला. ती चाळीस मिनिटंही तासावरच लागली.

आर्लीन पहिले दोन आठवडे बाहेर आली नाही. नंतर एक दिवस येऊन म्हणाली, "माझ्याच घरातून वायर घेतलीयेस. तू केस वाळवायला लागलीस की माझा टोस्टर बंद पडतो."

"मग टोस्ट इथे कर," लुएला म्हणाली.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायला लागली. आधी दोष काढायला, मग दोष काढत बसायला. खुर्ची एकच, म्हणून तिने स्वतःची आणली. स्वयंपाकघरातला कागद कधी निघाला ते कुणाला कळलं नाही, पण गुरुवारी लुएलाचे गुडघे लुएलाकडेच राहू लागले.

लुएला निघाली त्या दिवशी तारीख होती पंधरा नोव्हेंबर. तिने मुद्दामच निवडली होती. पहाटेपासून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला नारिंगी टोप्या घातलेल्या माणसांची रांग लागली होती, आणि दक्षिणेकडचा रस्ता मोकळा. ओरी सकाळी नऊला सायकलवरून आला.

"दात?" लुएलाने विचारलं.

"बरा आहे," ओरी म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हंगामाचा हा पहिलाच दिवस, की जो त्याने जंगलाबाहेर काढला. माझाही. आम्ही दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी बोलायचं टाळलं.

आर्लीनने दालचिनीच्या रोलचा डबा दिला. "तळघर रिकामं ठेवणार नाहीये मी," ती म्हणाली. "तिथे गोधडीची चौकट मांडणार आहे. जागा अडेल. आधीच सांगून ठेवते."

"मांड की. उजेड बरा आहे तिथे. खिडकीतून आता चाकंसुद्धा आडवी येणार नाहीत."

आर्लीनने तिचा कोट नीट केला, मग पुन्हा नीट केला. लुएलाने पायरीवर बूट काढले, मोज्यांवर आत गेली, दार लावलं, आणि एवढी मोठी गाडी आर्लीनच्या फुलझाडांना न लागता सावकाश मागे घेतली. चौकात थोडी थांबली. डावीकडे बंदुकांची रांग, उजवीकडे कुणी नाही. ती उजवीकडे वळली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून माझ्या नावाने एक कार्ड आलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं:

*९ डिसें. चार दिवस पाऊस. आत कोरडं. समुद्र दिसतो. अंड्याचं सँडविच.*

मी ते ओरीच्या घरी नेऊन दाखवलं. त्याने कंदिलाजवळ धरून दोनदा वाचलं, उलटं करून समुद्राचं चित्र बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"आत कोरडं म्हणतेय," तो म्हणाला. "पण वर चढून डावा कोपरा दाबून बघितला का, ते लिहिलेलं नाही."

"ओरी, चार दिवस पाऊस पडलाय तिथे."

"तरी," ओरी म्हणाला, आणि कार्ड कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला घेऊन गेला. ड्रॉवर त्याने स्वतःच केलेला होता. उघडताना मी स्क्रू मोजले. आठ होते.